शनिवारचं पॅकिंग: घरातली उरलेली औषधं आणू नका

प्रेषक: मीना (औषध टेबल)
गुरुवार रात्र

मंडळी,
गॅरेजमधले दोन खोके आत्ताच उघडले. अर्ध्या संपलेल्या अँटिबायोटिकच्या बाटल्या, कुणाच्या तरी आजीच्या बीपीच्या गोळ्या, सर्दीच्या औषधांचा ढीग. मशीद आणि गुरुद्वाराबरोबर ग्वाटेमालात अतितलान तळ्याकाठी आपण चार दिवसांचा दवाखाना भरवतोय, तिथे यातलं काहीही जाणार नाही. एकदा रुग्णाच्या हातात गेलेलं औषध पुन्हा दान करायचं नाही आणि पोचेल तेव्हा किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, असं जागतिक आरोग्य संघटना १९९६ पासून सांगते आहे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रीन असतं आणि ग्वाटेमालात त्यावर बंदी आहे. विमानतळावर अशी एक बाटली निघाली तरी सगळ्या बॅगा अडकतील.

शनिवारी फक्त सीलबंद, ५०० गोळ्यांच्या बाटल्या. प्रत्येकीची नोंद: स्पॅनिशमध्ये जेनेरिक नाव, किती मिलिग्रॅम, किती गोळ्या, लॉट नंबर, मुदत. हीच यादी यजमान संस्थेला जाते, त्यांनी परवानगी त्यावरच काढायची आहे.

---
प्रेषक: सुधीर
शुक्रवार सकाळ

मीनाताई, आवाहनात नुसतं 'औषधे आणावीत' असं होतं. लोकांनी प्रेमानं आणून दिलं, आता परत न्या कसं म्हणायचं? काही बाटल्यांची मुदत दोन वर्षं बाकी आहे. दसऱ्याला धान्य गोळा केलं तेव्हासारखं होऊ नये, तेव्हाही अर्धा माल परत गेला आणि लोक अजून बोलतात. कमिटीला विचारून ठरवा.

---
प्रेषक: मीना

सुधीरकाका, मुदतीची तारीख सीलबंद बाटलीला लागू असते. उघडलेली बाटली कुणाच्या बाथरूममध्ये होती की उन्हात गाडीत होती, कसं कळणार? आवाहनाचा मसुदा औषध टेबलाकडे आलाच नव्हता, ते कमिटीनं बघावं. आणि दान म्हणजे माळा रिकामा करणं नव्हे. उघड्या बाटल्या फार्मसीच्या परत-पेटीत टाका. लेबलवरचं नाव आधी खोडा.

आणखी एक: यादीतून आयबुप्रोफेन काढलं आहे. तिथे रांगेतली निम्मी माणसं पोटात जळजळ सांगतात. त्यांनाच पाठदुखीसाठी आयबुप्रोफेन दिलं तर आपणच दुखणं वाढवतो.

---
प्रेषक: अनघा (बालविभाग)

जळजळीवरून आठवलं, मुलांच्या व्हिटॅमिन गमीचं काय करायचं? घाऊक दुकानातून ४० डबे उचलले आहेत. मशिदीच्या टीममधल्या डॉक्टरसाहेबांनी विचारलं की जिलेटिन डुकराचं आहे का. डब्यावर नुसतं 'जिलेटिन' लिहिलंय. आपल्यातल्या शाकाहारी लोकांनाही ते हाताळायला नको वाटतंय. पेक्टिनवाल्या (फळांपासूनच्या, शाकाहारी) गमी महाग पडतात. मत द्या, आज संध्याकाळपर्यंत बदलता येतील.

---
प्रेषक: मीना

दोन्ही नकोत. जिलेटिन असो की पेक्टिन, गमीत बहुतेक वेळा लोह नसतंच, आणि तिथे रक्तक्षयासाठी लोहच हवं. शिवाय उन्हात डब्याचा एकच लगदा होतो आणि घरी नेल्यावर पोरं खाऊच्या गोळ्यांसारखी मूठभर खातात. डबे सीलबंद आहेत तोवर परत करून टाक.

त्या पैशात तिथेच जंतांचं औषध, अल्बेंडाझोल, घेऊ. अमेरिकेत त्याची किंमत ऐकून घाम फुटतो, तिकडच्या औषध दुकानात ते चिल्लरीत मिळतं. दोन वर्षांपुढे ४०० मिलिग्रॅम एकदाच, एक ते दोन वर्षांच्या बाळाला २००. तीन वर्षांखाली गोळी कुटून पाण्यातून द्यायची, रडत्या पोराच्या घशात अख्खी गोळी अडकते. पहिल्या तिमाहीतल्या बाईला नाही. म्हणून 'पाळी कधी आली होती' हा प्रश्न बाई दुभाषीनंच विचारायचा. नवरा शेजारी उभा असला की उत्तर तोच देतो.

---
प्रेषक: खजिनदार

तिकडे खरेदी करायची तर आधी मला कळवा. मशिदीचा चेक सदक्याच्या (ऐच्छिक दानाच्या) खात्यातून आला आहे, जकातीच्या (सक्तीच्या दानाच्या) नाही. जकात बहुतेक इस्लामी धर्मशास्त्रांनुसार मुस्लिम गरजूंसाठी असते, सदका कुणालाही देता येतो. त्यांनी विचार करून चेक वेगळा काढला, आपण तो गणपतीच्या शिल्लक रकमेत मिसळून हिशेब बिघडवू नये. गुरुद्वाराचे पैसे तिसऱ्या रकान्यात. केत्साल्समधलं (तिकडच्या चलनातलं) प्रत्येक बिल हवं, नुसता फोनवरचा फोटो नको.

---
प्रेषक: शुभदा (सांस्कृतिक)

हिशेब होत राहील. पहिल्या सकाळी दवाखान्याच्या दारात चारही धर्मांची प्रार्थना ठेवली आहे, प्रत्येकी दोन मिनिटं. आपल्या मुलींची तालीम झाली. तेवढं वेळापत्रकात घाला, आयत्या वेळी कापू नका.

---
प्रेषक: अविनाश (रांग आणि नोंदणी)

शुभदाताई, दारात नको. पाठीला बाळ बांधून पहाटे पाचपासून उभ्या असलेल्या बाईला वाटेल की प्रार्थना ऐकल्याशिवाय औषध मिळत नाही. त्या गावात कॅथलिक आहेत, इव्हँजेलिकल ख्रिस्ती आहेत, आणि मॅक्सिमोन या लोकदेवाच्या सिगार ओढणाऱ्या लाकडी मूर्तीला दर वर्षी नव्या घरी नेणारेही आहेत. कुणाला कशानं परत फिरावंसं वाटेल, आपल्याला सांगता येणार नाही. सकाळी सहाला मुक्कामाच्या अंगणात करा, ज्याला यायचं तो येईल. मुलींची तालीम वाया जात नाही.

सांतियागोत, म्हणजे याच गावात, परदेशी धर्मगुरूचं नाव आजही प्रेमानं घेतात ते ओक्लाहोमाच्या फादर स्टॅनली रॉदर यांचं. १९६८ मध्ये आले, तिथली माया भाषा त्सुतुहिल शिकले, शेतात राबले, २८ जुलै १९८१ ला मारेकऱ्यांनी त्यांना चर्चच्या निवासातच गोळ्या घातल्या. त्यांचं हृदय गावच्या चर्चमध्ये जपलेलं आहे. चार दिवसांत आपल्याला त्सुतुहिल येणार नाही, पण गोळीची पुडी तरी नीट लिहू.

पुडीचं सांगतो. दोन बाय तीन इंचांची झिप पिशवी, एका पिशवीत एकच औषध. वर स्टिकर: उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र. ज्या वेळेला जितक्या गोळ्या तितके टिंब त्या चित्राखाली. प्लॅस्टिकवर थेट मार्करनं लिहू नका, तळ्याकाठच्या दमट हवेत आणि घामानं ते पुसतं. इंग्रजीतून स्पॅनिश, स्पॅनिशमधून त्सुतुहिल असे दोन दुभाषी असतात, त्यामुळे वाक्य आखूड ठेवा आणि शेवटी रुग्णाकडूनच वदवून घ्या की सकाळी किती, रात्री किती. 'समजलं का?' विचारलं की सगळे हो म्हणतात.

नोंदणीत 'आधी कुणाकडे गेला होतात?' हा रकाना आहे. पलीकडच्या सान पेद्रोत वेसेरो आहेत, आपल्या हाडवैदांसारखे. उत्तर ऐकून भुवया उंचावायच्या नाहीत. लेप किंवा काढा घेतला असेल तर लिहायचं, औषध देताना उपयोगी पडतं.

---
प्रेषक: शुभदा

अंगण चालेल. पण सहाला सगळे तयार असतील याची जबाबदारी रांगवाल्यांची.

---
प्रेषक: सुधीर

जेवणाचं कुणी बघितलं का? त्या आठवड्यात एकादशी येते.

---
प्रेषक: अनघा

काका, मक्याच्या तोर्तिया चालतात, त्यात चरबी नसते. घोटलेल्या काळ्या घेवड्यात मात्र बऱ्याचदा डुकराची चरबी घालतात, मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या तमालेमध्येही. 'सिन मान्तेका' (चरबीशिवाय) असं आदल्या दिवशीच सांगायचं, मशिदीच्या लोकांचंही त्यातच भागतं. एकादशीला मका-घेवडा दोन्ही नाहीत. उकडलेले बटाटे, केळी, पपई, शेंगदाणे. साबुदाणा इथूनच घ्यावा लागेल, पण तो औषधांच्या बॅगेत नको, यादीत नसलेलं पांढरं पाकीट उघडून दाखवत बसावं लागतं. गमी परत केल्या, पैसे सोमवारी खात्यात येतील.