मदत हवी आहे : चालू सागरी टाकीतली जाड खडी काढून बारीक वाळू कशी घालावी?

टाकी ९० × ४५ × ४५ सेंमी. खडक, खडी वजा जाता पाणी साधारण १४० लिटर. दोन क्लाउनफिश, एक फायरफिश. तळाला ३ ते ५ मिमीची कोरलखडी, थर ६ सेंमी. विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २६ अंश, अमोनिया व नायट्राइट शून्य. दर आठवड्याला २० लिटर पाणी बदलूनही नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली येत नाही. पुढे यलो रॅस (वाळूत शिरणारा पिवळा मासा) आणायचा आहे, म्हणून वाळू हवी. कोणती आणि किती घ्यावी? मासे बाहेर काढावे लागतील का? कोकणातल्या किनाऱ्यावरची वाळू धुऊन चालेल का?

प्रतिसाद १

नायट्रेटचं मूळ त्या खडीतच दिसतंय. दाणे मोठे, मधल्या फटी मोठ्या. खाद्य आणि विष्ठा खाली उतरते आणि ६ सेंमी खोल सायफन (गाळ ओढायची नळी) कोणी रोज घालत नाही. बारीक वाळूवर तोच गाळ वरच राहतो, प्रवाहाने उचलला जातो आणि फिल्टरमध्ये अडकतो.

अरॅगोनाइट (चुनखडीच्या जातीची वाळू) घ्या, दाणा ०.५ ते १ मिमी. त्याहून बारीक घेतली तर वेव्हमेकर (टाकीत लाटा करणारा पंप) ती कोपऱ्यात ढकलून काच उघडी पाडतो. नुसते क्लाउन असते तर ३ सेंमी पुरे होती. रॅस रात्री आणि घाबरला की वाळूत शिरतो, त्याला ५ सेंमी हवीच. हिशोब: ९० × ४५ × ५ म्हणजे सुमारे २० लिटर, म्हणजे कोरडी वाळू २८ ते ३० किलो. ‘ही वाळू पीएच सांभाळते’ यावर विसंबू नका. ८.२ पीएचला अरॅगोनाइट जवळपास विरघळतच नाही; अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता) वेगळी मोजावीच लागते.

मासे काढायची गरज नाही, पण खडी एका दिवसात उपसू नका. अमोनिया संपवणाऱ्या जिवाणूंचा मोठा भाग तिथेच आहे, शिवाय साचलेला गाळ एकदम पाण्यात आला तर अमोनिया चढतो. चार भाग करा, ७ ते १० दिवसांच्या अंतराने एकेक. २० ते २५ मिमी आतल्या व्यासाच्या नळीने खडी पाण्यासकट ओढा. २० लिटर पाणी बघता बघता संपतं, म्हणून मीठ मिसळलेलं पाणी आधीच तयार ठेवा. दुसऱ्या दिवशी अमोनिया तपासा, ०.२५ पीपीएम दिसला तरी पुढचा भाग लांबवा.

प्रतिसाद २

वरच्यात एक महत्त्वाची भर: खडक खडीवर टेकलेले असतील तर खालची खडी ओढताच ढासळतील, काच फुटू शकते. त्या टप्प्यात खडक उचलून थेट तळाच्या काचेवर पक्के बसवा, वाळू नंतर भोवतीने. वाळूवर खडक ठेवला की रॅस खालून पोखरतो.

किनाऱ्यावरची वाळू नको. व्हिनेगर टाकून फेस आला म्हणजे चांगली, असं सांगतात. पण आपल्याकडच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तिलाही फेस येतो. चुंबक फिरवून पाहा, काळे कण चिकटतील. रत्नागिरीच्या वाळूत इल्मेनाइट (लोह-टायटॅनियमचं काळं खनिज) आहे. असे लोहयुक्त कण टाकीत नकोत. पोवळ्यांचे तुकडे तर, मेलेले असले तरी, उचलू नका: वन्यजीव संरक्षण कायद्याने पोवळी संरक्षित आहेत.

प्रश्नकर्ता

खडक खडीवरच आहेत, वेळेवर कळलं. काचेलगत खाली काळा पट्टा दिसतोय, तो कशाचा? आणि भरलेल्या टाकीत वाळू ओतायची कशी?

प्रतिसाद १

काळा पट्टा म्हणजे प्राणवायू न पोचणारा भाग. तिथे हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. ढवळू नका. नळीचं तोंड थेट त्यात खुपसून सरळ बादलीत ओढा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर ते पाणी गाळूनही परत घालू नका. त्या दिवशी फिल्टरमध्ये सक्रिय कार्बन लावा.

सगळी खडी निघाल्यावर आठवडाभर तळ उघडा ठेवा, मग वाळू. बादलीत थोडी थोडी घेऊन पाणी नितळ होईपर्यंत धुवा, शेवटचं धुणं आरओ पाण्याने. पाकिटातली ओली ‘लाइव्ह’ (जिवंत जिवाणू असलेली) वाळू असेल तर धुऊ नका. पंप बंद करा, ४० मिमीचा पीव्हीसी पाइप तळापर्यंत उभा धरा आणि कपाने आत सोडा. तासाभराने पंप सुरू करा, फिल्टर फ्लॉस (गाळण्याचा कापूस) लावा. धुरकटपणा एक-दोन दिवस राहील. सुरुवातीचा तपकिरी थर डायटमचा (सूक्ष्म शैवालाचा) असतो, आपसूक जातो.

प्रतिसाद २

पुढची निगा: दर पाणीबदलाला पाव भागच सायफन करा. नळी चिमटीत धरून प्रवाह कमी ठेवला की गाळ वर जातो, वाळू खाली पडते. रॅस आल्यावर हे काम दुपारी, तो बाहेर पोहत असताना करा. नवा रॅस काही दिवस वाळूतच दडून बसतो, उकरून शोधू नका. टाकीवर जाळी मात्र आधीच बसवा, हा मासा उडी मारतो.