मदत हवी आहे: मयेच्या तळ्याकाठचं जांभळं फूल कोणतं?

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यातल्या मये तलावाकाठी सध्या चालायला फार सुरेख वाटतं. काटेसावर पानं झाडून लालभडक फुललीय, धायटीही फुलांवर आहे, करवंदीला पांढरी, घमघमणारी फुलं आलीत. ही ओळखीची.

अडलंय ते एका झुडपापाशी. पुरुषभर उंच, पानं समोरासमोर, जाड, चकचकीत. फुलं बारीक, निळसर जांभळी आणि पानांखालच्या उघड्या, जुन्या फांद्यांनाच झुपक्यांनी चिकटलेली! ही अंजनी असेल का? तिला पुढे काळपट फळं धरतात, पण तोवर थांबवत नाही. फुलांवरूनच खात्री कशी करायची? आणि गोव्यात तुमच्या गावी हिला काय म्हणतात, तेही जरूर सांगा.