समुपदेशनाची तारीख कोणी ठरवायची?

माशेलवाली

माझी धाकटी बहीण गेल्या पावसाळ्यापासून नैराश्यासाठी समुपदेशन घेते आहे. ती कुंडईला कारखान्यात कामाला आहे आणि दर आठवड्याला तिची पाळी बदलते. कार्डावरची वेळ मात्र कायमची एकच, मंगळवार साडेअकरा. रात्रपाळी असली की कामावरून सुटून ती तशीच पणजीला जायची. एकदा मी सोबत होते. भिंतीला डोकं टेकून, एक चप्पल पायातून निसटलेली, अशी ती बाकावर झोपली होती. आतून दोनदा नाव पुकारलं तरी तिला कळलं नाही, मी हलवून उठवलं. अशा अवस्थेत आत जाऊन काय बोलणार ती? पुढे दोन मंगळवार चुकले तेव्हा तिला ऐकवलं गेलं, "तुम्हालाच बरं व्हायचं दिसत नाही." त्यानंतर दीड महिना ती तिकडे फिरकली नाही.

कधी यायचं आणि किती दिवसांनी यायचं, हे पेशंटनं ठरवावं असं माझं ठाम मत आहे. स्कॉटलंडच्या फाइफ भागात टिमोथी केरी या मानसशास्त्रज्ञांनी हे करून पाहिलंय. पुढची तारीख ते देत नसत. ज्याला हवी त्यानं, हवी तेव्हा घ्यावी. तरी लोकांनी रोज रांग लावली नाही. बरेच जण मोजक्याच भेटींत थांबले, वेळ घेऊन न येण्याचं प्रमाण घटलं आणि नवीन माणसाला थांबावं लागायचं तेही कमी झालं.

समुपदेशक, म्हापसा

ताई, बहिणीला जे ऐकवलं ते चूकच. आमच्यापैकी कुणीही असं बोलता कामा नये. पण तुमचा उपाय मला पटत नाही.

नैराश्य माणसाला उठू देत नाही. "आज नको, जरा बरं वाटलं की जाईन" हे त्याचं म्हणणं नसतं, त्या आजाराचं असतं. आपल्याच गोव्यात 'संगाथ' संस्थेनं १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ जणांचा अभ्यास केला. तो २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी आठवड्याला एक अशा ६ ते ८ भेटी दिल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर होते, या भेटी न मिळता फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटात ३९ टक्के. त्या पद्धतीचा गाभाच हा की मन तयार होण्याची वाट बघायची नाही. आधी अंगणात जाऊन झाडांना पाणी घालायचं, मन मागाहून येतं. ठरलेली वेळ पाळणं हासुद्धा त्याच उपचाराचा भाग आहे. ती पेशंटच्या इच्छेवर सोडली तर आपण आजाराच्याच हाती दोरी दिली.

डिचोलीचा बाप

समुपदेशकांशी सहमत. माझा मुलगा वीस वर्षांचा. खोलीचं दार लावून बसायचा, जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवावं लागे. गुरुवार ठरलेला होता म्हणून आम्ही त्याला स्कूटरवर बसवून नेऊ शकलो. त्याच्यावर सोडलं असतं तर तो कधीच गेला नसता.

माशेलवाली

बाबा, तुमचं दुःख कळतं. पण समुपदेशक साहेब, तुम्ही सांगितलेला अभ्यास माझ्याच बाजूनं बोलतो असं मला वाटतं. त्या भेटी केंद्रात तरी व्हायच्या किंवा पेशंटच्या घरी तरी. म्हणजे उपचार पेशंटच्या दिनक्रमाकडे चालत गेला. आणि कुठल्या दिवशी काय करायचं ते या पद्धतीत पेशंटशी बोलूनच कागदावर ठरतं ना? मग पुढच्या भेटीची वेळ त्याच कागदावरची पहिली नोंद का नसावी? वेळ ठरलेली असू दे. ठरवणारा हात तिचा असावा, इतकंच मागते आहे.

सांखळीकर

मी स्वतः पेशंट होतो. मला ओळीनं आठवड्याला एक अशा भेटी मिळाल्या. शेवटच्या दोन वेळी बोलायला काही उरलं नव्हतं, आम्ही दोघं घड्याळाकडे बघत होतो. मग गणपतीची चवथ आली. सगळं घर माणसांनी भरलेलं, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून झाली, आणि मी मागच्या पडवीत जाऊन रडत होतो. त्या दोन भेटी तेव्हा हाताशी असत्या तर! १४४१६ वर, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, रात्री फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, त्याबद्दल ऋणी आहे. पण ज्याला माझ्या आईचं सगळं माहीत होतं तो आवाज तो नव्हता.

समुपदेशक, म्हापसा

सांखळीकर, तुमचं म्हणणं मला पटलं. शेवटच्या काही भेटी राखून ठेवता यायला हव्यात.

तरी एक अडचण राहतेच. पेशंटनं वेळ निवडायची म्हटलं की संध्याकाळी पाचनंतरच्या आणि शनिवारच्या वेळा आधी जातात. त्या कोण घेतं? ज्याच्या हातात फोन आहे, ज्याला बोलता येतं. सत्तरीच्या आतल्या गावातून बस बदलत येणारी आजी समोर आली की म्हणते, "तुम्ही सांगाल तेव्हा येईन." तिला आम्ही उरलेली वेळ देणार. निवडीचा हक्क सगळ्यांना दिला तरी वापरता सगळ्यांना सारखा येत नाही. म्हणून काही वेळा अशा माणसांसाठी बाजूला ठेवाव्या लागतील.

माशेलवाली

ठेवा, जरूर ठेवा. आजीलाही बस किती वाजताची आहे ते आधी विचारा.

काल रात्री बहिणीला विचारलं, तुला ठरवायला सांगितलं तर काय ठरवशील? तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, पेन्सिलीनं पाळ्या लिहिल्या आणि महिन्याच्या चार खुणा केल्या. दिवसपाळीत शनिवार, रात्रपाळीत बुधवारी संध्याकाळी, झोप झाल्यावर. दर आठवड्याला एक. मी तिला काही सुचवलं नव्हतं.

डिचोलीचा बाप

चांगलं झालं. माझ्या मुलाला आज विचारलं तर तोही कदाचित तारीख सांगेल. परवा स्वतःहून दूध आणायला गेला होता. पण जूनमध्ये विचारलं असतं, तर त्यानं भिंतीकडे कूस वळवली असती.