दीपनगरचा धूर आणि पडीक रानातलं अंजन: हिशेब जमतो का?

तापीकाठ: कारखान्यांच्या कार्बनची भरपाई म्हणून खान्देशातल्या पडीक शेतांत देशी झाडं लावायची म्हणतात. झाडं लावा, 'भरपाई' म्हणू नका. कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड. दीपनगरच्या (भुसावळजवळच्या) औष्णिक वीज केंद्राचा ५०० मेगावॉटचा एक संच तासभर पूर्ण लोडवर चालला की पाच लाख युनिट, म्हणजे जवळपास ५०० टन. कोरडवाहू मिश्र लागवड हेक्टरी वर्षाला पाच टन ओढते असं धरू, तेही हात सैल सोडून. म्हणजे एका तासात १०० हेक्टरांची वर्षभराची कमाई गेली. वर्षभराला पावणेनऊ लाख हेक्टर लागतील. अख्खा जळगाव जिल्हा पावणेबारा लाखांचा. केळी कुठं लावायची?

मुरमाड: केळीच्या रानात कोण लावतंय भाऊ? पारोळा, शिंदखेड्याकडच्या हलक्या रानात कपाशीचा खर्चही निघत नाही. तिथं अंजन, धावडा, सालई, हिवर, बोर. ४५ सेंमीचे खड्डे एप्रिलात काढून उन्हात तापू द्यायचे. ४ बाय ४ मीटरवर हेक्टरी ६२५ झाडं बसतात. फक्त अंजनाचं रोप रोपवाटिकेच्या पिशवीत वर्षभर ठेवू नका. मुळी तळाशी गुंडाळते आणि रानात गेल्यावर झाड जागच्या जागी बसून राहतं. त्यापेक्षा उन्हाळ्यात पडलेल्या चपट्या शेंगा गोळा करा आणि पहिल्या दमदार पावसानंतर पाणी अडवायला खोदलेल्या चराच्या भरावावर टोचा. सुरुवातीची काही वर्षं वर वीत-दीड वीतच दिसेल, कारण सगळा जोर खाली मुळीत असतो. लोक मेलं समजून उपटतात आणि तिथं गुलमोहर लावतात!

बांधावरचा: आणि तोडायची वेळ आली तर? १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत अंजन आहे. स्वतःच्या बांधावरचं असलं तरी परवानगी लागते. झाडं राखायच्या वीस-तीस वर्षांच्या कार्बन-करारावर सही करणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. शिवाय शेळ्या आणि रोही (नीलगाई) आहेतच. काळ्या रानात तर एप्रिल-मेच्या भेगांनी कोवळी मुळं तुटतात.

मुरमाड: काळं रान सोडाच, तिथं कपाशी बरी. शेळ्यांसाठी बाहेरच्या ओळीत निरगुडी लावा, तिला त्या तोंड लावत नाहीत. वणव्यासाठी फेब्रुवारीच्या आत कडेनं तीन-चार मीटर गवत काढून टाका. रोह्याला मात्र कुंपणच लागतं, आणि अंदाजपत्रकात नेमकं तेच गाळतात.

तापीकाठ: मग ओढलेल्या कार्बन डायऑक्साइडचे टन तरी जगलेल्या झाडांवर मोजा. छातीच्या उंचीवर घेर घ्यायचा, त्यावरून कोरडं वजन, त्याचं निम्मं कार्बन, गुणिले ३.६७ म्हणजे कार्बन डायऑक्साइड. लावलेल्या रोपांच्या आकड्यावर भरपाईचं प्रमाणपत्र फाडायचं नाही.

मुरमाड: कबूल. मग करारात पाणीही लिहा. पहिले दोन उन्हाळे, मार्च ते जून, आठ दिवसांनी झाडाला १० लिटर. एका हेक्टरच्या पाळीला सव्वासहा हजार लिटर, म्हणजे एक टँकर.

बांधावरचा: त्या टँकरचं डिझेल कुणाच्या खात्यात टाकायचं?