मदत हवी आहे: व्हर्सिटी की क्लब? (कॉलेज आइस हॉकी, १ मेच्या आत ठरवायचंय)

शिरीष_नेपर
पटकन सल्ला हवा आहे. १ मेपर्यंत डिपॉझिट भरायचं आहे आणि घरात रोज रात्री जेवताना हाच विषय. मुलाला एका छोट्या खासगी कॉलेजच्या कोचने बोलावलंय, डी३ (कॉलेज स्पर्धांची तिसरी श्रेणी), व्हर्सिटी, म्हणजे कॉलेजची अधिकृत टीम. दुसरीकडे अर्बाना-शॅम्पेनला (इलिनॉय विद्यापीठ) इंजिनीअरिंग मिळालंय, पण तिथे व्हर्सिटी हॉकी नाही, फक्त क्लब, म्हणजे विद्यार्थ्यांनीच चालवलेली टीम. मुलगा म्हणतो व्हर्सिटी ती व्हर्सिटी. बायको म्हणते अर्बाना सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. मला दोघांचंही पटतं, म्हणून इथे आलो.
ज्यांची मुलं कॉलेजात हॉकी खेळली आहेत त्यांनीच कृपया लिहा. "खेळ सोड, अभ्यास कर" हा सल्ला भारतातून फोनवर मिळून झालेला आहे.

खडूस_काका
खेळ सोडून अभ्यास करू दे.

मिनेसोटाची_माई
व्हर्सिटी! डोळे झाकून. माझी लेक चार वर्षं डी३ खेळली. जर्सी, स्टिक, हेल्मेट, बस, हॉटेल, जेवण, सगळं कॉलेजचं. दुखापत झाली की ट्रेनर हजर. परीक्षा आणि मॅच एका दिवशी आली तर कोच स्वतः प्रोफेसरांशी बोलायचे. सकाळी सहाला वेट ट्रेनिंग असल्यामुळे रात्री बाहेर भटकणं आपोआप बंद. मुलाला जे मनापासून हवंय ते मिळतंय, तर आडवे का येता?

बफेलोबाबू
माईंशी असहमत. पण आधी सांगा, मुलगा कुठल्या पोझिशनला खेळतो? वय? आत्ता कुठल्या लेव्हलला आहे? कोच नक्की काय म्हणाला, आणि ते लेखी आहे का?

शिरीष_नेपर
वय वगैरेचा काय संबंध? १८. डिफेन्स. कोच म्हणाला, "तू आमच्या प्रोग्रॅममध्ये बसशील, आम्हाला तू आवडशील." फोनवर. ईमेलही आहे, त्यात साधारण हेच.

बफेलोबाबू
वयाचाच तर सगळा संबंध आहे, साहेब. मुलांच्या कॉलेज हॉकीत फ्रेशमन म्हणजे १८ वर्षांचं पोर हे समीकरण क्वचितच असतं. बहुतेक जण शाळा संपल्यावर एक-दोन वर्षं ज्युनियर (कॉलेजआधीच्या तरुणांच्या लीग) खेळून, एनएएचएल, एनसीडीसी असं काहीतरी करून, विसाव्या-एकविसाव्या वर्षी कॉलेजात येतात. डी१ला, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीला तर येतातच, डी३लाही. त्यात आता नवी भर. ऑगस्ट २०२५ पासून कॅनडातल्या मेजर ज्युनियरच्या मुलांना, म्हणजे ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएलवाल्यांना, एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संस्था) डी१मध्ये खेळता येतं. आधी त्यांना व्यावसायिक धरून बाहेर ठेवत. ते वरून आले की डी१च्या काठावरची मुलं डी३कडे सरकतात, आणि डी३च्या काठावरचा तुमचा मुलगा आणखी खाली. म्हणून विचारलं, लेव्हल काय? ट्रिपल ए (वरची) की डबल ए (त्याखालची)?

शिरीष_नेपर
डबल ए. पण टीमचा कॅप्टन आहे.

बफेलोबाबू
कॅप्टन आहे, कौतुक आहे. पण डबल ए मधून थेट डी३च्या लाइनअपमध्ये रोज खेळणारा डिफेन्समन मी तरी फारसा पाहिलेला नाही. "आवडशील" म्हणजे रोस्टरवर, टीमच्या यादीत, जागा नव्हे. काही छोटी कॉलेजं मोठमोठी रोस्टर ठेवतात, कारण प्रत्येक खेळाडू म्हणजे फी भरणारा एक विद्यार्थी. डी३मध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच, त्यामुळे कोचला जास्तीचा मुलगा घ्यायला एक पैसा लागत नाही. काही ठिकाणी जेव्ही, म्हणजे दुय्यम टीमही असते. मुलगा चार वर्षं जॅकेट घालून हिंडतो आणि शुक्रवार-शनिवार दोन्ही मॅच स्टँडमधून बघतो.

मिनेसोटाची_माई
इतकंही घाबरवू नका हो. माझी मुलगी शाळेतून थेट गेली आणि पहिल्याच वर्षापासून खेळली.

बफेलोबाबू
ताई, मुलींचं गणित निराळं आहे. त्या बहुतेक बारावी झाली की थेट कॉलेजात जातात, मधे ज्युनियर नाही. त्यामुळे तुमचा अनुभव खरा असला तरी इथे लागू नाही.

मिनेसोटाची_माई
लागू नाही कसा? बस तीच, बर्फ तोच, कोच तसेच. मुलींचं म्हणून सोपं, असं म्हणायचंय का तुम्हाला?

बफेलोबाबू
सोपं म्हणालो का मी? वय म्हणालो.

डॉ_दंतकथा
माउथगार्ड दंतवैद्याकडून बनवून घ्या, दुकानातला गरम पाण्यात घालून चावायचा नको. एनसीएएमध्ये पूर्ण चेहरा झाकणारी जाळी सक्तीची आहे म्हणून पालक निर्धास्त असतात, पण हनुवटीला मार बसला की जाळी असूनही दाढा एकमेकींवर आपटतात. माझ्याकडे असे पेशंट येतात. आणि जाळीच्या हनुवटीच्या कपाचा पट्टा मुलं ढिला ठेवतात, तो तपासा.

शिरीष_नेपर
डॉक्टर, धन्यवाद, पण माझा प्रश्न दातांचा नव्हता.

गोठलेला_कोकणी
मला एक कळत नाहीये. पैशांचं कोणी का बोलत नाही? दोन्हीकडचा खर्च किती? आणि मुलगा सिटिझन आहे की एच-४ (पालकांच्या व्हिसावर अवलंबून)?

शिरीष_नेपर
एच-४. जन्म नाशिकचा, तीन वर्षांचा असताना आलो. ग्रीन कार्ड ईबी-२ च्या (नोकरीवरून मिळणाऱ्या) रांगेत अडकलंय, नेहमीचंच. अर्बानाला इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांच्या कमी फीत धरलंय. त्या कॉलेजात मेरिट स्कॉलरशिप वजा जाता वर्षाला अर्बानापेक्षा साधारण १४ हजार डॉलर जास्त पडतात. पण हा धागा व्हिसाचा नाही.

गोठलेला_कोकणी
झाला व्हिसाचा! अहो, हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.
एक, एच-४ मुलांना फेडरल एड (सरकारी आर्थिक मदत) मिळत नाही. म्हणजे ते १४ हजार तुमच्याच खिशातून.
दोन, २१ पूर्ण झाले की एच-४ संपतो, एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) जावं लागतं. तुमचा मुलगा कुठेही गेला तरी कॉलेज चालू असतानाच हे होणार. तेव्हा इन-स्टेट फी तशीच राहील का, हे अर्बानाच्या ऑफिसकडून आत्ताच लेखी घ्या.
तीन, आणि हे बफेलोबाबूंच्या मुद्द्याला जोडून: उद्या कोच म्हणाला "एक वर्ष ज्युनियर खेळून ये", तर पदवी एक वर्ष पुढे ढकलली, आणि ते वाढीव वर्ष एफ-१ वर, बहुधा इंटरनॅशनल म्हणून. एच-४ वर पोरगा कमावूही शकत नाही. ज्युनियरच्या बऱ्याच टीम तर उलट पालकांकडूनच हजारो डॉलर घेतात.

लेहवारी
अवांतर: भारतीय पासपोर्ट आहे म्हणजे भारताकडून खेळू शकेल की! भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य आहे. आपल्या मुलींनी २०२५ मध्ये अल ऐनला आशिया-ओशनिया कपात कांस्य आणलं, टीममधल्या बहुतेक लडाखच्या. मी जानेवारीत लेहला होतो. तलाव गोठला की तोच रिंक, आणि बघायला अख्खं गाव. शिकागोत वाढलेला डिफेन्समन तिकडे सोन्यासारखा.

खडूस_काका
हॉकी म्हणजे ध्यानचंद. हे बर्फावरचं काय ते मला कळत नाही. पण १४ हजार गुणिले चार म्हणजे ५६ हजार डॉलर, हे कळतं.

शिरीष_नेपर
काका, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत.

मिनेसोटाची_माई
पैसे पैसे काय लावलंय? मुलगा अठरा वर्षांचा आहे, त्याला टीम हवी आहे. क्लब म्हणजे रात्री दहानंतर मिळेल तो बर्फ, स्वतःची गाडी, स्वतःचा खर्च. त्याला काय टीम म्हणायचं?

बफेलोबाबू
आता माझ्या दुखऱ्या नसेवर पाय दिलात. मी स्वतः क्लब खेळलोय, एसीएचए (कॉलेज क्लब हॉकीची संघटना) डी२. हो, प्रॅक्टिस रात्री साडेदहाला. आधी फिगर स्केटिंगवाल्या मुली, मग लहान मुलांचे क्लास, मग आम्ही. झांबोनी (बर्फ गुळगुळीत करणारी गाडी) फिरून गेली की ओल्या बर्फावर उतरायचं आणि सकाळी आठला थर्मोडायनॅमिक्स. आमचा खजिनदार वर्गणीसाठी गणपती मंडळाच्या पोरांसारखा दारोदार फिरायचा. सगळं खरं. पण मी प्रत्येक मॅच खेळलो, ताई. स्टँडमध्ये बसलो नाही.
आणि क्लब म्हणजे गल्ली नव्हे. पेन स्टेट २०१२ पर्यंत क्लबच होतं. देणगीदार टेरी पेगुलांनी २०१० मध्ये ८ कोटी ८० लाख डॉलर देऊ केले तेव्हा कुठे ते व्हर्सिटी झालं. ॲरिझोना स्टेटने २०१४ मध्ये क्लबचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं आणि पुढच्या वर्षी थेट एनसीएए डी१मध्ये गेले. अर्बानाचा क्लबही २००८ चा राष्ट्रीय विजेता आहे. कॅम्पसवर स्वतःचा रिंक आहे, १९३१ सालचा. तिथे व्हर्सिटी करायचा विचार बरीच वर्षं चालला आणि मग मागे पडला. म्हणूनच शिरीषराव, एक इशारा तुम्हालाही: अर्बानाची क्लब टीम एसीएचए डी१ आहे, तिथेही ज्युनियर खेळून आलेली मुलं असतात आणि ट्रायआउट (निवड चाचणी) असते. "क्लब तर मिळेलच" हे गृहीत धरू नका.

शिरीष_नेपर
हे नवीनच. म्हणजे दोन्हीकडे अनिश्चित?

बफेलोबाबू
दोन्हीकडे. फरक एवढाच की अर्बानाला टीममध्ये घेतलं नाही तरी हातात अर्बानाची इंजिनीअरिंगची डिग्री राहते. त्या कॉलेजात इंजिनीअरिंग आहे का?

शिरीष_नेपर
नाही. फिजिक्स आहे. तीन अधिक दोन असं काहीतरी म्हणत होते, तीन वर्षं तिथे आणि दोन दुसरीकडे.

गोठलेला_कोकणी
म्हणजे पाच वर्षं फी! आणि शेवटची दोन वर्षं दुसऱ्याच कॉलेजात, तिथे तो त्यांच्या टीममध्ये नसणारच. व्हर्सिटी, व्हर्सिटी म्हणताय ती तीनच वर्षांची आहे.

पळसपापडी
डी३ आणि इंजिनीअरिंग दोन्ही हवं असेल तर मिलवॉकी स्कूल ऑफ इंजिनीअरिंग बघितलं का? हॉकी डी३ आहे, तुमच्यापासून फार लांबही नाही. पूर्वेकडे ट्रिनिटी, टफ्ट्स, नॉर्विच इथेही इंजिनीअरिंग आहे. ट्रिनिटी आणि टफ्ट्सला मात्र कोचचा शब्द प्रवेशाच्या आधी लागतो. मुलाचे मार्क आधी ॲडमिशन ऑफिसला दाखवून घेतात, मग अर्ली डिसिजनने (लवकरचा, बांधील अर्ज) अर्ज करायला सांगतात. एप्रिलमध्ये ती गाडी निघून गेलेली असते.

शिरीष_नेपर
मिलवॉकी त्याने नाकारलं, कारण विचारू नका. त्याची मैत्रीण नेपरव्हिललाच आहे आणि मिलवॉकी म्हणे "खूप जवळ". मला काही बोध झाला नाही.

मिनेसोटाची_माई
मला झाला. 😄 बरं, माझं ऐका. कोचला फोन करायचा, मुलानेच, तुम्ही नाही. विचारायचं: पुढच्या वर्षी किती डिफेन्समन आहेत, त्यातले किती परत येतायत, नवीन किती घेताय, आणि मी नक्की रोस्टरवर आहे की ट्रायआउटला. कोच चांगला असेल तर सरळ सांगेल. आमच्या कोचने सांगितलं होतं.

बफेलोबाबू
+१. आणि एका मॅचला किती जण जर्सी घालतात तेही विचारा. डिफेन्सचे सहा, फार तर सात खेळतात. बाकीचे सूट घालून वर.

शिरीष_नेपर
अपडेट. काल मुलाने फोन केला, मी जिन्यात बसून ऐकला. कोच सभ्य निघाला. अकरा डिफेन्समन आहेत, त्यातले आठ परत येतायत. दोन नवीन पक्के झालेत, दोघेही वीस वर्षांचे आणि ज्युनियरमधून आलेले. याला म्हणाला, "ट्रायआउट दे, पण खरं सांगायचं तर एक वर्ष ज्युनियर खेळून आलास तर जास्त बरं." फोन ठेवल्यावर पोरगा गॅरेजमध्ये गेला आणि तासभर जाळीवर पक मारत बसला. नंतर स्वतःच अर्बानाच्या क्लबला ईमेल लिहिली. ट्रायआउट सेमिस्टरच्या सुरुवातीला आहे असं उत्तर आलं.

गोठलेला_कोकणी
ज्युनियरला हो म्हणाला नाही ना?

शिरीष_नेपर
नाही. तो विषय काढला तेव्हा त्याला २१ आणि एफ-१ चं गणित कागदावर मांडून दाखवलं. चिडला, पण गणितावर चिडला, माझ्यावर नाही. आज अर्बानाचं डिपॉझिट भरलं.

मिनेसोटाची_माई
माझं मत अजूनही तेच आहे, पण या कोचबाबतीत नाही. पहिलं वर्ष अर्बानाला चांगलं गेलं तर नंतर डी३ला ट्रान्सफर होता येतं, हे त्याच्या कानावर घालून ठेवा.

पळसपापडी
माई, कृपया नका! मैत्रीण, मिलवॉकी आणि ट्रान्सफर एकत्र आलं तर शिरीषरावांचा पुढचा धागा याच विषयावर.

लेहवारी
हिवाळी सुट्टीत लेहला पाठवा हो. विचार करा.

गोठलेला_कोकणी
आणि परत येताना व्हिसा स्टॅम्पिंगला मुंबईच्या कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट कोण मिळवणार, तुम्ही?

खडूस_काका
या क्लबची वर्गणी किती म्हणालात?

शिरीष_नेपर
विचारलेलं नाही अजून.

बफेलोबाबू
आजच विचारा. काही हजार असणार, त्याचे हप्ते मिळतात का, बर्फाचं भाडं त्यात धरलंय का, आणि बाहेरगावच्या मॅचचं हॉटेल कोण भरतं. आमच्या वेळी हॉटेल वर्गणीत नव्हतं, ते पहिल्या ट्रिपला चेक-इनच्या रांगेत कळलं.