जुन्या टीव्हीला स्टिक लावून डिशचा रिचार्ज बंद करावा का?

निवांत

अनेक घरांत सध्या एकच प्रश्न चर्चेला येतो. भिंतीवरचा आठ-दहा वर्षांपूर्वीचा टीव्ही चित्राच्या बाबतीत अजून उत्तम आहे, पण तो 'स्मार्ट' नाही, किंवा नावापुरता स्मार्ट असून त्यातली ॲप उघडेपर्यंत चहा करून होतो. अशा वेळी नवा टीव्ही घ्यावा की एचडीएमआय खाचेत बसणारी आणि इंटरनेटवरची ॲप टीव्हीवर दाखवणारी बोटभर लांबीची स्टिक घ्यावी? माझे मत स्पष्ट आहे. टीव्हीचा पडदा चांगला असेल तर स्टिकच घ्यावी, आणि घरातले पाहणे मुख्यतः मालिका व चित्रपटांपुरते असेल तर डिशचा मासिक रिचार्जही बंद करावा.

यामागे दोन कारणे आहेत. पडदा आणि प्रक्रिया करणारी चिप या दोन वस्तूंची आयुष्ये वेगळी असतात. पडदा दहा-बारा वर्षे सहज टिकतो, चिप मात्र चार-पाच वर्षांत मंद वाटू लागते, आणि स्मार्ट टीव्हीत आपण या दोन्ही वस्तू एकत्र विकत घेऊन धाकट्या आयुष्याला मोठ्याच्या गळ्यात बांधतो. दुसरे कारण दराचे आहे. २०१९ मध्ये ट्रायची, म्हणजे दूरसंचार व प्रसारणाच्या नियामक संस्थेची, नवी दरप्रणाली आली तेव्हा 'हवी तीच वाहिनी घ्या, तेवढेच पैसे द्या' असे सांगितले गेले. प्रत्यक्षात वाहिन्यांच्या किमतीआधीच १३० रुपये जोडणी शुल्क आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, नुसता डबा चालू ठेवण्यासाठी द्यावे लागले. २०२४ मध्ये ट्रायने या शुल्कावरची मर्यादाही काढून टाकली. ज्या घरात फायबरची जोडणी आधीच आहे, तिथे त्याच मालिकांचे भाग वाहिन्यांच्या ॲपवर सोयीच्या वेळी दिसत असताना हा दुहेरी खर्च कशासाठी करायचा?

विरोधी मते जरूर मांडावीत, पण शक्यतो तपशिलासह मांडावीत.

घाटमाथा

'फायबरची जोडणी आधीच आहे' या चार शब्दांत आपण अर्धा महाराष्ट्र वगळला आहे. आमच्या भागात फायबर तालुक्याच्या गावापर्यंत आले आहे, वाडीपर्यंत आलेले नाही. इथे स्टिक चालवायची तर मोबाइलचे हॉटस्पॉट सुरू करावे लागते, आणि नेटफ्लिक्स स्वतःच सांगते की एचडी दर्जाला तासाला सुमारे ३ जीबी आणि फोरकेला सुमारे ७ जीबी डेटा लागतो. रोजचा दीड-दोन जीबीचा प्लॅन असलेल्या माणसाचा एक चित्रपटही त्यात पुरा होत नाही. साध्या दर्जात तासाला एक जीबी धरला तरी दोन मालिका पाहिल्यावर मुलांच्या अभ्यासासाठी काही उरत नाही.

याउलट डीडी फ्री डिशला मासिक शुल्कच नाही. २००४ च्या डिसेंबरात 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ती सेवा सुरू झाली. छत्री आणि डबा एकदा विकत घेतला की पुढे रिचार्जचा विषय संपतो. सह्याद्री दिसते, बातम्या दिसतात, आणि लिलावात जागा घेतलेल्या खासगी वाहिन्याही दिसतात, मग त्यांची यादी बदलती असली तरी. क्रिकेटपुरते सांगायचे तर २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचे प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावेच लागते, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो संकेत दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवता येईल, खासगी केबल व डिशवाल्यांना नाही, असा निर्णय दिला. म्हणजे जो सामना पाहण्यासाठी शहरातला माणूस ॲपची वर्गणी भरतो, तो आमच्याकडे फुकटात दिसू शकतो. आपला धागा 'डिश काढा' असे सांगतो, पण कोणती डिश, याचा त्यात उल्लेखच नाही.

तारतम्य

मला आक्षेप घ्यायचा आहे तो 'आयुष्य वेगळे असते' या युक्तिवादावर, कारण तो स्टिकवरच उलटतो. स्टिक तुमच्या घरात असली तरी ती चालू राहणे तुमच्या हातात नसते. ९ मार्च २०२५ रोजी जगभरातील दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट, म्हणजे टीव्हीला जोडायचे गूगलचे २०१५ मध्ये बाजारात आलेले यंत्र, एकाएकी 'हे उपकरण विश्वासार्ह नाही' असे सांगू लागले. यंत्रात काही बिघाड झालेला नव्हता. त्यांची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती, आणि ती संपणार हे मुदत ठरवली त्याच दिवशी माहीत होते! दुरुस्ती यायला काही दिवस गेले; ज्यांनी घाबरून यंत्र मूळ स्थितीत आणले, त्यांना अधिक थांबावे लागले. त्याआधीच, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, गूगलने क्रोमकास्ट ही मालिकाच बंद केल्याचे जाहीर केले होते.

केबलवाला तक्रार ऐकायला निदान दारात तरी येतो.

निवांत

घाटमाथा, फ्री डिशबद्दलचा आपला मुद्दा रास्त आहे, पण माझे विधान मासिक रिचार्जविषयी होते, आणि फ्री डिशला रिचार्ज नसतो हे आपणच लिहिले आहे. ती छत्री ठेवून स्टिकही लावता येते, कारण टीव्हीला बहुधा एकाहून अधिक खाचा असतात.

तारतम्य, क्रोमकास्टचा प्रसंग खरा आहे. तो पर्यायाच्या शेजारी ठेवून पाहा. २०१५ मध्ये यूट्यूबने जुनी तांत्रिक व्यवस्था बंद केली, तेव्हा २०१२ च्या आणि त्याआधीच्या अनेक स्मार्ट टीव्हींवरचे यूट्यूब कायमचे गेले. २०१९ च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सने सॅमसंगच्या २०१० आणि २०११ मधील काही टीव्हींवरून पाय काढला. त्याच यादीत रोकू कंपनीची, टीव्हीला बाहेरून जोडायची, सुरुवातीची यंत्रेही होती. म्हणजे आधार काढून घेण्याचा धोका दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की स्टिक गेली तर काही हजारांचे नुकसान होते आणि पडदा राहतो. टीव्हीतली व्यवस्था मेली तर चाळीस हजारांची वस्तू अर्धवट होते, आणि शेवटी त्यालाही स्टिकच लावावी लागते. तेव्हा आपले उदाहरण स्मार्ट टीव्हीची बाजू मजबूत करते असे मला वाटत नाही.

परसदार

चर्चा यंत्राच्या आयुष्यावर चालली आहे, पण ते यंत्र कोण वापरणार हे कुणी विचारले नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला डिशच्या रिमोटवर तीन आकडे दाबले की वाहिनी लागते. तो आकडा बोटांत बसलेला असतो, चष्मा नसला तरी चालते. स्टिकच्या रिमोटवर आकडे नसतात. आधी मुखपृष्ठ येते, त्यावर मोठी जाहिरात, मग ॲपची ओळ, ॲपमध्ये 'कोण पाहत आहे?' हा प्रश्न, मग शोध, मग मालिकेचे नाव, मग भाग क्रमांक, आणि मधूनच 'आपले सत्र संपले, फोनवर आलेला सांकेतिक क्रमांक टाका'. हा शेवटचा टप्पा एकट्या राहणाऱ्या वृद्धांना पूर्णपणे अडवतो, कारण खाते मुलाचे असते, क्रमांक मुलाच्या फोनवर जातो, आणि मुलगा त्या वेळी कार्यालयात बैठकीत असतो.

आवाजाने शोधता येते असे उत्तर मिळेल. आमच्या आईंनी मालिकेचे नाव स्वच्छ मराठीत उच्चारल्यावर यंत्राने त्यांच्यासमोर हिंदी गाण्यांची यादी ठेवली. त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला आणि विणकाम हातात घेतले.

शिवाय वेळेचा भाग आहे. रात्री आठला एक मालिका, साडेआठला दुसरी, मध्ये कुकर लावायचा, ही दिवसाची घडी कुणाच्या तरी कार्यक्रमपत्रिकेने लावून दिलेली असते. 'सोयीच्या वेळी पाहा' हे स्वातंत्र्य नोकरी करणाऱ्याला हवे असते. निवृत्त माणसाला प्रत्येक वेळी निवड करायला लावणे म्हणजे त्याच्यावर काम टाकणे आहे. माझ्या मते ज्या घरात ज्येष्ठ आहेत तिथे स्टिक खुशाल घ्यावी, पण डिशला हात लावू नये.

टेकडीवरचा

वादात न पडता तीन तांत्रिक गोष्टी नोंदवतो, कारण 'स्टिक अडकते' या तक्रारींतील निम्म्या तरी यांतून निघतात.

स्टिक टीव्हीच्या यूएसबी खाचेतून वीज घेऊ शकते असे वाटते, आणि काही टीव्हींवर ती घेतेही. परंतु जुन्या टीव्हींची ती खाच अर्धा अँपिअर देण्यासाठी बनवलेली असते आणि स्टिकला साधारण एक अँपिअर लागतो. परिणामी ती मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होते. सोबत आलेला ॲडॉप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावावा. राउटर दोन पट्ट्यांवर चालत असेल आणि मध्ये भिंती फारशा नसतील तर २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झची पट्टी वापरावी. स्टिक टीव्हीच्या पाठीशी धातूच्या आडोशाला बसत असल्याने डब्यातली छोटी एचडीएमआय जोडतार फेकून देऊ नये, तिने स्टिक थोडी बाहेर येते आणि संकेत सुधारतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे: स्टिकऐवजी 'सगळे चॅनेल आजन्म फुकट' असे सांगून विकला जाणारा अनोळखी अँड्रॉइड डबा घेऊ नये. अशा डब्यांना चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या अधिकृत संरक्षण प्रमाणपत्राची वरची पातळी नसली की सशुल्क ॲप त्यांवर ४८० ओळींचेच, म्हणजे कमी स्पष्ट, चित्र देतात, आणि २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०' या प्रकरणात सावध केले ते याच जातीच्या डब्यांबाबत. त्यांतील काहींमध्ये विकत घेण्याआधीच घातक प्रणाली बसवलेली होती आणि घरातले इंटरनेट परक्यांच्या कामासाठी वापरले जात होते.

सॅन होजेकर

परदेशातील मराठी घरांची बाजू मांडतो. इथे डिश हा पर्याय जवळजवळ संपलेला आहे आणि मराठी पाहायचे तर स्टिकच लागते, त्यामुळे मी धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे. तरीही एक अडचण सांगावी लागेल. स्टिक खिशात घालून कुठेही नेता येते, पण दाखवण्याचे हक्क देशागणिक विकलेले असतात. भारतातून आणलेली स्टिक इथे सुरू होते, ॲप उघडते, वर्गणीही चालू दिसते, आणि नेमका हवा तो चित्रपट 'आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही' असे सांगतो. सुट्टीत आलेल्या सासूबाईंना हे समजावून सांगणे कठीण जाते, कारण त्यांनी पैसे भरलेले असतात आणि त्यांचे म्हणणे बरोबरच असते.

तारतम्य

निवांत, किमतीचा हिशेब आपण आजच्या दराने करता आहात. स्ट्रीमिंगचे दर स्थिर राहतात असे गेल्या दोन-तीन वर्षांत तरी दिसलेले नाही. २०२३ चे आयपीएल जिओसिनेमाने फुकट दाखवले, त्यात मराठी समालोचनही होते, आणि अनेकांनी त्याच उन्हाळ्यात स्टिक घेतल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार यांचे जिओहॉटस्टार झाले आणि फुकटाची जागा वर्गणीने घेतली. त्याच वर्षी जूनपासून ॲमेझॉनने भारतात प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू केल्या आणि त्या नकोत तर वर्षाला ६९९ रुपये अधिक मागितले. आधी सवय लावायची आणि मग भाव वाढवायचा, हे केबलवाल्यांनीही केले होते. पण तिथे निदान दरावर बोट ठेवणारी ट्राय होती. ॲपच्या वर्गणीवर तसे बंधन नाही.

खासगीपणाबद्दल तर इथे कुणी बोललेच नाही. डिशच्या डब्याला तुम्ही मध्यरात्री काय पाहता याची फिकीर नसते. स्टिकला असते, कारण मुखपृष्ठावरची जागा विकण्याचा धंदा त्या माहितीवरच चालतो.

निवांत

खासगीपणाचा मुद्दा मान्य करूनही विचारतो: मग स्मार्ट टीव्ही काय करतो? अमेरिकेत व्हिझिओ कंपनीच्या टीव्हींनी पडद्यावर काय चालले आहे ते ओळखून, ग्राहकांची संमती न घेता, त्याची नोंद कंपनीकडे पाठवली. प्रकरण सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींचे होते आणि २०१७ मध्ये कंपनीला २२ लाख डॉलर भरून ते मिटवावे लागले. त्या तंत्रात टीव्ही डिशवरून आलेले चित्रही ओळखतो. स्टिक फक्त स्टिकमधून गेलेले ओळखते, आणि नको तेव्हा ती उपसून ठेवता येते.

वर्गण्यांच्या बाबतीत माझे म्हणणे असे आहे की डिशचा रिचार्ज एकगठ्ठा असतो, ॲपची वर्गणी सुटी. महिन्याच्या योजनेत एका महिन्यात एक ॲप, ते पाहून झाले की बंद, पुढच्या महिन्यात दुसरे, असे केले तर खर्च आटोक्यात राहतो. आणि प्रसार भारतीने २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' हे ॲप सुरू केले आहे, ज्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात. त्यामुळे सह्याद्रीसाठी डिश ठेवण्याची गरज उरत नाही.

परसदार

दर महिन्याला ॲप सुरू करायचे आणि बंद करायचे, ही गोष्ट आपल्या घरात कोण करते, हे विचारले तर राग येऊ नये. बहुतेक घरांत स्वयंचलित नूतनीकरण सुरू राहते आणि न पाहिलेल्या ॲपचे पैसे वर्षभर कापले जातात.

घाटमाथा

सामन्याच्या थेट प्रक्षेपणाचे उत्तर अजून कुणी दिलेले नाही. ॲपवरचे चित्र छोट्या तुकड्यांत साठवून पाठवले जाते, त्यामुळे ते डिशच्या काही सेकंद ते अर्धा मिनिट मागे असते, कधी त्याहूनही अधिक. शेजारच्या घरात छत्री आहे आणि आपल्या घरात स्टिक, अशा वेळी शेवटच्या षटकात गडी बाद झाल्याची आरोळी आधी भिंतीपलीकडून येते आणि गोलंदाज आपल्या पडद्यावर त्यानंतर धावत येतो. निवांत यांनी रिचार्ज बंद करावा, माझी हरकत नाही. पण विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ते स्वतः कुठे बसणार आहेत, तेवढे कळवावे.

निवांत

शेजारी, त्यांच्या डिशसमोर. मात्र त्यांच्या रिचार्जमध्ये मी वाटा देणार नाही.