इंदूरचं घर स्वस्त, पण कोणाच्या पगारावर?

रामबागकर
पुण्याचे मेहुणे दिवाळीला आले की म्हणतात, "तुमच्याकडे काय, घरं फुकटात मिळतात." या वेळी ते मला फार लागलं. मुलगा इथेच नोकरी करतो, दोन वर्षं घर बघतोय, अजून जमलेलं नाही. पुण्याचा पगार हाताशी धरून इंदूरचा भाव ऐकला तर तो कमीच वाटणार. भाव चौरस फुटाचा सांगतात, हप्ता मात्र इथल्या पगारातून जातो. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, सगळ्या देशाला एकच: 2020 मध्ये 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 मध्ये 6.5 झाला. व्याज मुंबईइतकं चढलं, पगार मुंबईचा नाही. दोन शहरांतले भाव शेजारी ठेवायचे तर आधी दोन्हीकडची कमाई मांडा.

वाकडवासी
काका, मी मूळचा इंदूरच्या लोकमान्य नगरचा, आता पुण्यात वाकडला, म्हणून हक्काने विरोध करतो. कमाई मांडूनही पारडं इंदूरकडेच झुकतं. मुंबईला तीन बाजूंनी पाणी, त्यात शहरात एकाने किती मोकळी जमीन ठेवावी याला मर्यादा घालणारा 1976 चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्रात 2007 पर्यंत चालू राहिला. जमीन अडकली आणि टंचाईचा भाव लोक आजही मोजतायत. आम्ही नवरा-बायको दोघं कमावतो, तरी एकाचा जवळजवळ सगळा पगार हप्त्यात जातो. इंदूरला समुद्र नाही. राऊ, देवास नाका, उज्जैन रोड, कुठेही पसरा.

सुदामानगरची सून
पसरा म्हणणं सोपं आहे हो. पसरलेल्यातलं वैध किती, ते विचारा. आमच्या दिरांनी बायपासच्या पलीकडे डायरीवर प्लॉट घेतला. पैसे रोख, हातात फक्त एक चिठ्ठी. भाव वाढल्यावर कॉलनायझर, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडून विकणारा, म्हणाला, आता नव्या दराने द्या, नाहीतर पैसे परत घ्या. रजिस्ट्री झालीच नाही. घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारा रेरा कायदा 2016 चा आहे. नोंदणीशिवाय प्रकल्पातलं काही विकता येत नाही, लेखी करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. हे आम्हाला नंतर कळलं. स्वस्त दिसतो तो बहुतेक असला माल. नकाशा मंजूर, डायवर्शन झालेला (म्हणजे शेतजमिनीची बिगरशेती करून घेतलेला) प्लॉट विचारा, मग आकडा ऐका.

निवृत्त बँकवाला
माझी नोकरी गृहकर्ज विभागात गेली. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा घरांच्या भावांचा रेसिडेक्स निर्देशांक 2007 मध्ये पाच शहरांपासून सुरू झाला. त्यात आपलं भोपाळ होतं. आता 50 शहरं आहेत, इंदूरही आहे. त्यातला एक निर्देशांक बँकांनी कर्ज देताना केलेल्या मूल्यांकनावर चालतो. म्हणजे डायरीवरचे रोखीचे सौदे त्यात येतच नाहीत, आणि इंदूरचा जीव तर प्लॉटात! शिवाय शहराचा एक भाव म्हणजे काय? सुपर कॉरिडॉरवर टीसीएस, इन्फोसिस आले, 31 मे 2025 ला मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. राजवाड्यामागच्या गल्लीत गाडी लावायला जागा नाही. सरासरीत दोन्ही सारखेच दिसतात.

राजेंद्रनगर
भाव वाढतोय म्हणून सगळे हळहळताय, माझं उलटं आहे. वडिलांनी पैसा-पैसा जोडून बांधलेलं घर हीच आमची पेन्शन. भाव वाढावेतच.

वाकडवासी
वाढतीलच असं धरू नका. दिल्लीच्या आसपास 2014 नंतर कितीतरी वर्षं भाव जागचे हलले नाहीत, महामारीनंतर गुरुग्राम उसळलं. मधल्या काळात ज्यांना विकायची गरज पडली, त्यांनी काय करायचं?

रामबागकर
राजेंद्रनगर, तुमचं घर विकून तुम्ही कुठे राहणार? त्याच शहरात, त्याच वाढलेल्या भावात ना? माझ्या मुलाला ते तुमच्याकडून घ्यायचंय, आणि त्याला परवडत नाही. सूनबाई, रेराचं बरं सांगितलंत. रविवारी राऊकडे एक फ्लॅट बघायला चाललोय, टोकन द्यायच्या आधी नोंदणी क्रमांक मागतो.